डाव्या हातातली उजवी कात्री

मी एक जुनी कात्री आहे, आणि माझ्या काचपेटीवर पाटी लावणारे साहेब, तुम्ही खोटं लिहिलं आहे. चुकून नाही. चूक तुम्हाला दाखवून झाली, वाकून, नम्रपणे दाखवून झाली. त्यानंतरही जे तसंच ठेवलं जातं त्याला मी चूक म्हणत नाही.

तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. या दालनात तुम्ही कधी पाऊल ठेवलेलं नाही. तुमच्या वतीने माणसं येतात, "वरून ठरलंय" म्हणतात आणि जातात. म्हणून तुमच्याशी शेवटी बोलते. आधी या पोरांशी बोलते. शाळेची सहल आली की ती काचेला नाक लावून उभी राहतात आणि पाटी मोठ्याने वाचतात. एवढ्या मोठ्याने खोटं वाचणारी ही पोरं बघून मला वाईट वाटतं, कारण त्यांचा त्यात काही दोष नाही.

मित्रांनो, पाटी अशी आहे: "उजव्या हाताची शिंपीकात्री. नव्या युगाच्या वस्त्रकार मिसाओ नागिरा यांनी आपली सर्व वस्त्रे हिच्या साहाय्याने एकटीने बेतली. प्रभाव: पाश्चात्त्य आधुनिक कला आणि शून्याचे तत्त्वज्ञान."

तीनच वाक्यं आहेत. आता माझं ऐका.

माझा जन्म तोक्योच्या नदीकाठच्या वस्तीत झाला. दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती. जळलेल्या जागांवर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यातल्या एकीत माझा लोहार बसायचा. त्याचे पणजोबा तलवारी घडवायचे. पुढे तलवार बाळगायला बंदी आली, तसं घराणं कात्र्यांवर आलं. त्याचं त्याला काही दुःख नव्हतं. तो म्हणायचा, "तलवार म्यानात बसून गंजते. कात्रीला रोज काम असतं." हे वाक्य मी भट्टीत लाल असताना ऐकलं आणि मला ते खरं वाटलं.

मला मागायला एक बाई किर्यूहून पहाटेची गाडी धरून आली. किर्यू म्हणजे विणकरांचं गाव. बाईचं नाव सुएनो नागिरा. नवरा युद्धावरून परतला नव्हता. जुने कपडे उसवून नवे करून देण्यावर तिचं घर चालायचं.

"उजवी की डावी?" लोहाराने विचारलं.

"डावी कोण मागतं?"

"मागतात एखादे. लाजत मागतात."

घरी सुएनोची अकरा वर्षांची मुलगी होती, मिसाओ, आणि ती डावखुरी होती. "उजवी," ती म्हणाली. "मला स्वतःला हवीय. आणि मुलीचा हात मी वळवतेच आहे."

त्या उत्तरावर माझी पाती बसवली गेली. मित्रांनो, उजवी कात्री उजव्या हातात धरली की खडूची रेघ डोळ्यांसमोर राहते. तीच डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघेवरच येतं आणि कापणाऱ्याला रेघ दिसत नाही. शिवाय अंगठ्याचा दाब उलटा पडतो. पाती एकमेकांपासून दूर सरकतात, कापड मधे दुमडतं, कात्री ते चावत बसते. तुमच्या वर्गातल्या एखाद्या डावखुऱ्या मुलाला विचारा. तो सांगेल.

किर्यूत हिवाळाभर आकागी डोंगरावरून कोरडा वारा येतो. त्या वाऱ्यात सुएनोच्या दाराशी लोक लष्करी कोट घेऊन उभे असायचे. कोट मेलेल्या माणसांचे असायचे. नवं कापड कुणाकडे होतं? सुएनो कोट टाका टाका उसवायची, झिजलेली बाजू आत घालायची, आतली न झिजलेली बाजू बाहेर काढायची आणि पुन्हा शिवायची. कोट असा उलटला की सगळं आरशातल्यासारखं होतं. छातीवरचा डावा खिसा उजवीकडे जातो. बटणांची काजं चुकीच्या बाजूला येतात. ती जुनी काजं सुएनो दोऱ्याने बुजवायची. बुजवली तरी दिसायचीच, मिटलेल्या डोळ्यांसारखी. मिसाओ तासन् तास त्या बुजवलेल्या काजांवरून बोट फिरवत बसायची. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं परदेशात काय झालं ते सांगते.

मिसाओचा हात वळवायचं काम शाळेतही चाललं होतं आणि घरीही. कुंचला उजव्या हातात. जेवणाच्या काड्या उजव्या हातात. पोरगी हट्टी नव्हती, ती शिकली. फक्त मी तिला उजव्या हातात जमले नाही. आई कपडे पोचवायला गेली की ती मला डाव्या हातात घ्यायची आणि उरलेल्या तुकड्यांवर कापत बसायची. एक दिवस सुएनो लवकर परतली.

"हे कुठल्या हाताने कापलंस?"

मिसाओने मूठ मिटून घेतली.

"हात दाखव."

डाव्या अंगठ्याला फोड आला होता, फुटलाही होता. सुएनोने मारलं नाही. तिने एका जुन्या निळ्या किमोनोची लांब चिंधी फाडली आणि माझ्या मुठीला, जिथे डावा अंगठा घासत होता बरोबर तिथे, घट्ट गुंडाळली.

"लोकांसमोर उजवा," ती म्हणाली. "घरात कोण बघतंय."

"पण आई, रेघ दिसत नाही."

"मग कापडाखाली दुसऱ्या हाताचं बोट धर आणि बोटाच्या मागे जा. रेघेचं काय एवढं? रेघ मीच काढते, तीही घाईत."

मित्रांनो, मिसाओ नागिराचं सगळं शिक्षण एवढंच. पुढे ती तोक्योच्या शिवणशाळेत गेली खरी. सुएनोने मला तिच्या पेटीत घातलं, स्वतःला दुसरी कात्री घेतली, आणि एका हिवाळ्यात छातीत कफ होऊन ती गेली. शिवणशाळेत मिसाओ सगळ्यांसमोर शाळेची कात्री उजव्या हातात धरायची आणि वाईट कापायची. बाई म्हणायच्या, "नागिरा, तुझ्या हाताला काय झोप लागते का?" मी पेटीत पडून ऐकायचे. तेव्हा मला एकटेपणाची पहिली ओळख झाली. पुढे ती ओळख चांगलीच वाढली.

शिवणशाळेनंतर मिसाओ शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कंपनीत लागली. तिथे कागदावर बेत काढणारी एक बाई होती, तोकिवा ओनुकी. चोशी बंदरातल्या मासेमाराची मुलगी. चोशीच्या लोकांची जीभ खारवलेली असते असं म्हणतात आणि तोकिवाच्या बाबतीत ते खरं होतं. जेवणाच्या सुट्टीत मिसाओ एकटी मागे राहून टाकाऊ कापडावर मला चालवत होती. तोकिवा भाताचा गोळा खात आत आली.

"तू डावरी आहेस."

"नाही," मिसाओ म्हणाली.

"बरं. मग कात्री डावरी असेल."

मिसाओने मला पाठीमागे लपवलं. तोकिवाने टेबलावरची बाही उचलून उजेडात धरली.

"ही अशी का वळलीय?"

"चुकलीय. फेकतेच आहे."

"थांब. अजून दोन काप. तशाच."

मिसाओने कापल्या. तोकिवाने हात पुसले, तिन्ही बाह्या कागदावर एकावर एक ठेवल्या आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढली. तिन्ही बाह्या एकाच जागी, दोन बोटं डावीकडे, सारख्याच वळल्या होत्या.

"नागिराबाई," तोकिवा भात चावत म्हणाली, "चुकीला एवढी शिस्त नसते."

त्या दिवसापासून आम्ही तिघी झालो. साहेब, तुमच्या पाटीवर 'एकटीने' लिहिलं आहे.

सहा वर्षांनी दोघींनी एका शेवयांच्या दुकानाच्या माळ्यावर स्वतःचं काम थाटलं. कापडाला कायम सोयाच्या रश्शाचा वास यायचा. काम असं चालायचं: मिसाओ कपडे बेतायच्या पुतळ्यावर अख्खं कापड टाकायची, डोळे दुसरीकडे लावायची आणि एक बोट कापडाखाली ठेवून मला सोडून द्यायची. मला जिथे वळावंसं वाटे तिथे मी वळायचे. मग तोकिवा ते कापड पुतळ्यावरून काढून जमिनीवर पसरायची, गुडघ्यांवर बसून त्याचा प्रत्येक फुगा, प्रत्येक वळण कागदावर उतरवायची. जे कपडे उभे राहायला हवेत पण राहत नाहीत ते कसे राहतील हे तीच शोधायची. कधी कधी त्यात आठवडा जायचा. मिसाओ जे एकदाच करू शकायची ते तोकिवाच्या कागदामुळे शंभरदा करता यायचं.

तोकिवा उजवी. ती मला हातात घ्यायची तेव्हा मी लोहाराने घडवली तशी चालायचे, सरळ, न अडखळता. तिच्या हातात मला विसावा मिळायचा. मिसाओच्या हातात मला दर इंचाला धडपडावं लागायचं. दोन्ही मला हवं होतं.

दर वर्षी आठ फेब्रुवारीला शिवणकाम करणारे लोक देवळात जातात. वर्षभरात मोडलेल्या सुया मऊ तोफूत, म्हणजे सोयाच्या पनीरात, टोचतात. जन्मभर कडक कापडात घुसल्या, शेवटी मऊ काहीतरी मिळू दे, म्हणून. सुयांसाठी हे आहे, कात्र्यांसाठी खास काही नाही. तोकिवाला ते पटायचं नाही. देवळातून परतली की ती माझी पाती जोडणाऱ्या खिळ्यात एक थेंब तेल सोडायची, मला तीनदा उघडमीट करायची आणि म्हणायची, "चल, तोंड उघड." सलग तेहेतीस वर्षं. एकही आठ फेब्रुवारी चुकली नाही.

सुरुवातीला लोक हसायचे. खालचा शेवयावाला वर डोकावून म्हणायचा, "काय हो, कोटाला उंदराने खाल्लं वाटतं?"

"उंदीर नाही," तोकिवा मान वर न करता म्हणायची. "मालकीण."

मिसाओ खाली बघून हसायची. ती कमी हसायची, म्हणून मला आठवतं.

मग पॅरिस. मी पेटीत, कपड्यांच्या मधे गुंडाळून गेले. कपड्यांच्या पहिल्या प्रदर्शनाला अर्धे लोक उठून गेले. तिथल्या वर्तमानपत्राने लिहिलं की हे जळालेल्या शहराचे कपडे आहेत. दुसऱ्या वर्षी उठून जाणारेच पुढच्या रांगेसाठी भांडले. कोट तेच होते. आतलं अस्तर बाहेर, खिसा उजव्या छातीवर, कडा दोन बोटं डावीकडे झुकलेली, आणि समोर दोऱ्याने बुजवलेलं एक काज, ज्याला कधीच बटण नव्हतं.

एका जाड चष्मेवाल्याने दुभाष्यामार्फत विचारलं, "या बंद छिद्राचा अर्थ काय?"

मिसाओ गप्प राहिली. तिला काय सांगायचं होतं ते मला माहीत आहे. ते आईचं होतं. पण आईचं नाव अशा गर्दीत घ्यायचं, तर मग मेलेल्या माणसांचे कोटही सांगायला हवेत, डावा हातही सांगायला हवा. ती खाली बघत राहिली. चष्मेवाल्याने वहीत लिहिलं: शून्य. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं आणि मग सगळ्यांनी तेच लिहिलं. तिने उत्तर दिलं नाही हेही तत्त्वज्ञान ठरलं. तोकिवा परतताना विमानात म्हणाली, "तू आणखी दोन वर्षं गप्प बसलीस तर तुला देवळात बसवतील."

मिसाओने हसून डोळे मिटले.

आता त्या छायाचित्राकडे येते. पाटीवरच्या खोट्याचं मूळ तिथे आहे.

पॅरिसनंतरच्या वसंतात एका मोठ्या मासिकाचा छायाचित्रकार माळ्यावर आला. मिसाओ पुतळ्याजवळ उभी, शेजारी तोकिवा, मनगटावर टाचण्यांची गादी बांधलेली. नेहमी उभ्या असायच्या तशाच दोघी.

"नागिराबाई, कात्री हातात घ्या ना जरा," तो म्हणाला. मग तोकिवाकडे वळून, अगदी गोड आवाजात, "ताई, तुम्ही थोडं बाजूला होता का?"

तोकिवा बाजूला झाली. आणि मिसाओने मला उचललं, उजव्या हातात.

मित्रांनो, मी इतक्या वर्षांत तिच्या उजव्या हातात एकदाही काम केलं नव्हतं. तिची बोटं माझ्या मुठीत परक्यासारखी शिरली. निळी चिंधी तिच्या अंगठ्याला लागलीच नाही. पण समोर माणूस होता, लोकांसमोर उजवा, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बाईचा हात अकरा वर्षांच्या मुलीसारखा निमूट वागला. खट्ट झालं. तेच छायाचित्र जगभर गेलं. मूळ चित्रात डाव्या कडेला काळ्या बाहीतलं एक कोपर आणि टाचण्यांची गादी दिसते. संग्रहालयात लावलेल्या चित्रात कड कापून टाकली आहे. तीही सरळ कापली आहे, साहेब. तुमची कात्री उजव्या हातात असणार.

छायाचित्रकार गेल्यावर मिसाओ म्हणाली, "तुला बाजूला केलं त्याने. मी बोलायला हवं होतं."

"माझं सोड," तोकिवा म्हणाली. "हिला उजव्या हातात का धरलीस?"

"सवय."

"सवय? कॅमेरा दिसला आणि आई आठवली तुला. आता कुणाला कळणार ते वळण कुठून आलं?"

"सांगेन मी. पुढच्या वेळी विचारलं की सांगेन."

पुढच्या वेळी विचारलं. त्याच्या पुढच्या वेळीही विचारलं. मिसाओने सांगितलं नाही. हात सांगितला नाही, आई सांगितली नाही, तोकिवा सांगितली नाही. मित्रांनो, माझा राग फक्त साहेबांवर नाही. जिच्या हातात मी आयुष्य काढलं तिच्यावरही आहे. भित्र्या माणसाने गप्प बसावं, हे मी समजू शकते. पण तिच्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्या बाईने भरली, आणि ते तिला दिसत होतं.

तरीही तोकिवा मिसाओजवळ राहिली. आणखी एकवीस वर्षं. मग डोळ्यांत पडदा आला, बारीक रेघ दिसेना, आणि ती चोशीला परत गेली. जाताना तिने मला तेल घातलं. फेब्रुवारी नव्हता, जून होता.

त्यानंतर माळ्यावर तरुण मुलं आली. ती संगणकाच्या पडद्यावर बेत काढायची, हुशार होती, मला हात लावायला घाबरायची. मिसाओ मला खणातून काढायची, पुतळ्यासमोर उभी राहायची आणि परत ठेवून द्यायची. कापलेलं जमिनीवर पसरून त्यावर गुडघे टेकणारं कुणी नसेल तर कापायचं कशाला? ती वर्षं मी मोजली नाहीत. खणात दिवस सारखेच असतात.

एका नोव्हेंबरच्या दुपारी तोकिवा आली. हातात सुक्या सार्डिन माशांची पुडी. मिसाओने पंचाहत्तरी ओलांडली होती. दोघी खालच्या दुकानातून मागवलेल्या शेवया खात बसल्या. मिसाओने काड्या डाव्या हातात घेतल्या. तोकिवाने ते बघितलं.

मग मिसाओने मला कापडावर ठेवून तिच्यापुढे सरकवलं. "तोकिवा, ही तू ने."

"छे, मी काय करू? मासे कापू?"

"काप. तुझ्या हातात ही मासेही सरळ कापेल. कंटाळवाणं." मग म्हणाली, "ने ना. तुझीच आहे. अर्धी तरी होतीच."

"नको. तुमची वस्तू आहे, नागिराबाई. राहू दे."

आमच्याकडे भेट पहिल्या वेळी घेत नाहीत. दुसऱ्या वेळीही घेत नाहीत. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा दिली की वाकून घ्यायची. शेवयावालाही हे पाळतो, लहान मुलंही पाळतात. मिसाओ दोनदा म्हणाली होती, तोकिवा दोनदा नको म्हणाली होती. तिसरी वेळ उरली होती. पण तेवढ्यात खालून टॅक्सीवाल्याने हाक मारली, तोकिवाला चोशीची गाडी गाठायची होती, आणि मिसाओ म्हणाली, "बरं, मग पुढच्या खेपेला."

"पुढच्या खेपेला," तोकिवा म्हणाली.

अकरा दिवसांनी मिसाओ गेली. त्या दुपारच्या बोलण्याला तिसरं कुणी साक्षीदार नव्हतं. मीच होते.

मिसाओला मूलबाळ नव्हतं. तिच्या चुलत भावाचा मुलगा आला, सभ्य माणूस, त्याने सगळं खोक्यांत भरून संग्रहालयाला दिलं. इथे मला पांढऱ्या हातमोज्यांनी उचललं. मला स्वच्छ केलं. मुठीवरची निळी चिंधी "मळकट, मूळ वस्तूचा भाग नाही" म्हणून सोडवली आणि आकडा लावलेल्या पिशवीत घालून तळघरात नेली. मग माझी पाती बंद केली, काच बसवली आणि पाटी लावली.

चिंधी काढली त्या दिवशी मला पहिल्यांदा थंडी वाजली. लोखंडाला थंडी वाजत नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

पहिल्या आठ फेब्रुवारीला तोकिवा आली. देवळातून थेट आली होती. हातात तोफूचा रिकामा डबा आणि बोटाएवढी तेलाची बाटली. मोठा चष्मा लावून तिने पाटी वाचली, मग परत वाचली, आणि इथल्या मोरिवाकी नावाच्या तरुण अधिकारी बाईला बोलावलं.

"बाळ, ही कात्री माझ्याकडे यायची होती."

"असं का, आजी? लेखी काही आहे का?"

"दोनदा दिली तिने. तिसऱ्यांदा द्यायच्या आधी मेली."

मोरिवाकीबाई हसली नाही. तिला त्याचा अर्थ बरोबर कळला, आणि म्हणूनच तिची मान खाली गेली. "आजी, म्हणजे तुम्ही नको म्हणाला होतात."

"म्हणाले होते," तोकिवा म्हणाली. "मला रीत पाळायची खाज."

मोरिवाकीबाई वर जाऊन आली. उत्तर तेच, वरून ठरलंय.

दुसऱ्या वर्षी तोकिवाने मला मागितलं नाही. ती म्हणाली, पाटी तरी बदला. ती डावखुरी होती. मुठीवर डाव्या अंगठ्याची झीज आहे, काच उघडा, दाखवते. एक कापडाचा तुकडा द्या, कापूनच दाखवते. आणि 'एकटीने' खोडा. माझं नाव नाही घातलं तरी चालेल, पण ते खोडा.

"तज्ज्ञांनी छायाचित्रावरून ठरवलंय, आजी," मोरिवाकीबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "छायाचित्रात उजवा हात आहे."

"त्या छायाचित्रात मी आहे," तोकिवा म्हणाली.

"कुठे?"

तोकिवाने कडेकडे बोट नेलं. तिथे चौकट होती. कोपर चौकटीबाहेर गेलं होतं. ती बराच वेळ बोट तिथेच धरून उभी राहिली.

तिसऱ्या वर्षी तिने फक्त एक थेंब मागितला. खिळ्यात एक थेंब तेल, तेही तुम्हीच घाला, मी हात लावत नाही, मी इथूनच बघते. मोरिवाकीबाईने खरोखर तीन अर्ज लिहिले. मला ते नंतर सफाईवाल्यांच्या बोलण्यातून कळलं. वरून उत्तर आलं की प्रदर्शित वस्तूच्या स्थितीत बदल करता येत नाही.

स्थिती ऐका, मित्रांनो. माझा खिळा गंजाने धरला आहे. आतून, जिथे हातमोजे पोचत नाहीत तिथे, तांबूस पावडर जमते आहे. आज कुणी मला उघडायला गेलं तर मी किंचाळेन. आणखी दहा वर्षांनी मी उघडणारच नाही. मग मी कात्री उरणार नाही, कात्रीच्या आकाराचं लोखंड उरेन, आणि पाटी तेव्हाही तशीच चकचकीत असेल.

चौथ्या वर्षी तोकिवा काठी टेकत आली. तिने कुणाला बोलावलं नाही, काही मागितलं नाही. काचेसमोर उभी राहिली. आपला डावा हात उचलला, उजवा नाही, डावा, जन्मभर ज्याने तिने साधा दोराही तोडला नसेल. दोन बोटं काचेपुढे धरली आणि हवेत उघडमीट केली. तीनदा.

"चल," ती हळू म्हणाली, "तोंड उघड."

मी उघडू शकले नाही.

या वर्षी आठ फेब्रुवारीला दालन उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी दाराकडे बघत होते. शाळेच्या दोन सहली आल्या. एक जोडपं आलं. मोरिवाकीबाई तीनदा येऊन दाराशी उभी राहिली आणि तीही रस्त्याकडेच बघत होती. तोकिवा आली नाही. नऊ तारखेलाही आली नाही. आज एप्रिल आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कात्री असेल. तिने कापडच कापा. वर्षातून एकदा खिळ्यात तेल सोडा आणि ती कुणाच्या हातात चालते ते बघून ठेवा. तुमच्या वर्गात कुणी डावखुरं असेल तर त्याचा हात वळवू नका. आणि एखाद्या मोठ्या माणसाचं छायाचित्र दिसलं की कडेला बघायची सवय लावा. एवढंच तुमच्यासाठी. तुम्ही आता जेवायला जा, बाई हाका मारताहेत.

साहेब, आता तुम्ही.

पाटीवर शेवटच्या ओळीखाली कोरी जागा आहे. समोरच्या काचेत तिचं प्रतिबिंब पडतं, मला रोज दिसते. तिथे एक नाव सहज मावतं. नाव तोकिवा ओनुकी. राहायची चोशीला. पंच्याऐंशी वर्षांची, उजवी, डोळ्यांत पडदा, जवळ बोटाएवढी तेलाची बाटली. तुमच्याकडे तिच्यासाठी लिहिलेले अर्ज आहेत, पत्ता आहे, टेलिफोन आहे. माझ्याकडे बंद तोंड आहे.

ती जिवंत आहे की नाही, एवढं तरी कुणी विचारून मला सांगणार आहे का? आणि असेल, तर तिसऱ्यांदा तिला "ही तू ने" असं कोण म्हणणार आहे? मिसाओ आता म्हणू शकत नाही. किल्ली तुमच्याकडे आहे.

कधी म्हणता?